बाळाचं पोट दुखतंय? सहाण काढण्याआधी वय बघा

रात्री अकराच्या सुमारास बाळ पाय पोटाशी ओढून, मुठी आवळून, लालबुंद होत रडायला लागलं की घरात प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. आजी म्हणते हिंग लावा, आत्या म्हणते ओव्याने शेका, शेजारच्या काकू मुरुडशेंग उगाळायला सांगतात आणि बाबा ग्राइप वॉटर आणायला निघतात. यातले काही उपाय खरंच गुणाचे आहेत. काहींनी काहीच होत नाही. आणि काही तान्ह्या बाळाला देऊच नयेत असे आहेत, मग ते आपल्या पाच पिढ्यांनी दिलेले का असेनात. कुठला उपाय कशात बसतो हे दोन गोष्टींवरून ठरतं: बाळाचं वय किती, आणि औषध पोटावर लावायचं आहे की पोटात द्यायचं आहे. म्हणून हा लेख वनस्पतींच्या नावांनी न लावता वयाच्या क्रमाने लावला आहे.

सगळ्यात आधी: ही वेळ घरच्या उपायाची आहे का?

खालचं एकही लक्षण दिसलं तर हिंगाची डबी बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

- उलटी हिरवी किंवा उलटीत रक्त
- शीमध्ये रक्त, किंवा लालसर जेलीसारखी शेंबडी शी आणि मधूनमधून किंचाळून रडणं (आतड्यात आतडं सरकलं की असं होतं)
- पोट टम्म फुगून कडक, शी आणि वायू दोन्ही बंद
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप
- बाळ मलूल, जागं केलं तरी दूध ओढत नाही
- सहा-आठ तास लघवी नाही, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली
- पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्येक दुधानंतर फवाऱ्यासारखी लांब उडणारी उलटी
- शीचा रंग खडूसारखा पांढरट

टाळूबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. टाळू खोल गेली की ‘टाळू पडली’ म्हणून तेल भरायची पद्धत गावोगाव आहे. टाळू खोल जाते ती अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे. वरून कितीही तेल भरलं तरी आतलं पाणी वाढत नाही, आणि त्यात गेलेले दोन-तीन तास जुलाबाच्या बाळाला फार महाग पडतात.

यातलं काही नसेल, बाळ अंगावर नीट पीत असेल, लघवी भरपूर होत असेल, वजन वाढत असेल आणि फक्त संध्याकाळी किंवा रात्री ठरावीक वेळी रडत असेल, तर बहुतेक ते पोटशुळाचं रडणं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ते सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांचं बाळ होईपर्यंत आपोआप ओसरतं. घराघरांत कुठल्यातरी उपायाला यश का मिळतं याचं उत्तर यात आहे. रडणं सर्वांत वाढलेलं असतं तेव्हाच आपण औषध शोधतो, आणि त्यानंतर ते कमीच व्हायचं असतं.

शीच्या हिशेबानेही घाबरू नका. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसातून सात-आठ वेळा पातळ पिवळी शी करतं, तेही ठीक. दीड महिन्यानंतर चार-पाच दिवसांतून एकदाच मऊ शी करतं, तेही ठीक.

जन्म ते सहा महिने: जे करायचं ते पोटावर

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. पाणी नाही, गुटी नाही, मध नाही, साखरेचं बोट नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, थेंब किंवा ओआरएस एवढाच अपवाद. या वयात आतड्याचं अस्तर कोवळं असतं आणि यकृताला बाहेरच्या द्रव्यांचा निचरा नीट करता येत नाही. बाहेरून मात्र बरंच काही करता येतं.

*ढेकर.* दर दुधानंतर बाळाला खांद्यावर उभं धरा, हनुवटी खांद्याच्या वर येईल असं. दहा मिनिटं तरी पाठीवरून खालून वर हात फिरवा. पोटशुळाच्या निम्म्या तक्रारी गिळलेल्या हवेच्या असतात असं मला वाटतं. दूध ओढताना बाळाच्या तोंडात फक्त बोंड जात असेल आणि भोवतीचा काळा भाग बाहेर राहत असेल, तर ते दुधाबरोबर हवाही ओढतं. तेव्हा आधी बाळाला अंगावर घेण्याची पद्धत तपासा. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना बसवून दाखवायला सांगा, अजिबात संकोच करू नका.

*मालिश.* कोमट खोबरेल किंवा तिळाचं तेल तळहातावर चोळा. बाळाच्या पोटावर, आपल्या समोर घड्याळ ठेवलंय असं समजून, काट्याच्या दिशेने हात फिरवा. मोठं आतडं त्याच दिशेने जातं. मग दोन्ही गुडघे हलकेच पोटाकडे न्या, दोन श्वास थांबा, सोडा. सायकल चालवल्यासारखे पाय हलवा. दूध प्यायल्यावर तासभर हे करू नका, उलटी होईल. नाकात, कानात, बेंबीत तेल घालायचं नाही.

*ओव्याचा शेक.* हा माझा आवडता उपाय, पण नीट केला तरच. मूठभर ओवा लोखंडी तव्यावर मंद आचेवर कोरडाच परता. वास सुटला की गॅस बंद. तीन-चार वेळा धुतलेल्या मऊ सुती कापडात, जुन्या साडीचा तुकडा सर्वांत चांगला, सैलसर पुरचुंडी बांधा. बहुतेक घरांत चूक होते ती यानंतर. पुरचुंडीच्या पोटातले दाणे बाहेरच्या दाण्यांपेक्षा बरेच गरम असतात. वरून हात लावला तर कोमट लागतं, पण बाळाच्या पोटावर दाबलं की आतली आच वर येते. म्हणून पुरचुंडी तळहातांत मिनिटभर चोळून दाणे एकमेकांत मिसळू द्या, मग आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून सावकाश दहापर्यंत मोजा. एकदाही मनगट काढून घ्यावंसं वाटलं तर अजून थांबा. बाळाच्या अंगावर झबलं असू द्या आणि त्यावरून दोन-तीन मिनिटं फिरवत राहा, एका जागी ठेवू नका. तेल लावून किंचित गरम केलेल्या विड्याच्या पानालाही हाच नियम लागू.

*हिंगाचा लेप.* हरभऱ्याच्या डाळीएवढा हिंग चमचाभर कोमट पाण्यात विरघळवा आणि बेंबीपासून दोन बोटं अंतर सोडून गोल लावा. बेंबीच्या आत थेंबही जाता कामा नये, आणि नाळ पडून बेंबी पूर्ण सुकलेली नसेल तर लेप लावूच नये. अर्ध्या तासाने ओल्या कापडाने पुसा. लाली आली तर पुन्हा नको. हिंग कातडीतून आत जाऊन गॅस काढतो असं काही सिद्ध झालेलं नाही. गुण येतो तो उबेचा, हळुवार हाताचा आणि आई शांत झाल्याचा. तरीही उपाय निरुपद्रवी आहे आणि आजीला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, तेव्हा जरूर करा. हिंगाचं पाणी मात्र तान्ह्या बाळाच्या पोटात द्यायचं नाही. हिंग पोटात गेल्यावर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटून तान्हं बाळ निळसर पडल्याची नोंद वैद्यकात आहे.

लेपात किंवा तेलात कापूर घालू नका. कापूर कातडीतून आणि वासातूनही शरीरात जातो आणि लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात. वावडिंग, ओवा, शेपा निखाऱ्यावर टाकून द्यायची धुरी फार जुनी आहे आणि बाळंतिणीच्या खोलीला तिचा वास येतो तेव्हा छान वाटतं हेही खरं, पण कोवळ्या फुप्फुसांना धूर तो धूरच. ओवा शेकायला वापरा, जाळायला नको.

आईने काय खावं यावरही घरोघर वाद. बाळंतशेपा, ओवा, जिरं, सुंठ यांनी तिचं स्वतःचं पचन सुधारतं, म्हणून खुशाल खावं. पण बाळाला गॅस होईल म्हणून तिची डाळ, पालेभाजी, फळं तोडणं हा तिच्यावर अन्याय आहे. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी बाळाला त्रास होतोच असं दिसलं, तर तेवढाच एक बंद करून बघा.

बाळगुटीचं काय करायचं?

आमच्या घरी गुटीचा डबा अजून आहे. त्यात वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, खारीक, बदाम. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात प्रत्येकाचे ठरावीक वेढे घ्यायचे आणि तो लेह चमच्याने बाळाला चाटवायचा. एक वेढा, दोन वेढे, बाळ मोठं होईल तसे वाढवायचे. ही मोजण्याची रीत फार विचाराने बसवलेली होती, त्याबद्दल मला आदर आहे. पण ती सहाणेवर बसून बघितली तर तिची अडचण लगेच कळते. मुरुडशेंग कठीण, तिचा एक वेढा म्हणजे पाण्याला जेमतेम रंग. जायफळ तेलकट आणि मऊ, त्याचा एक वेढा म्हणजे तपकिरी गाळ. सहाण नवी खरखरीत असेल तर दुप्पट उतरतं, सासूबाईंचा हात जड असेल तर तिप्पट. चार किलोच्या बाळाच्या बाबतीत एवढा फरक मोठा आहे.

गुटीतल्या काही द्रव्यांबद्दल नावानिशी सांगायला हवं.

वेखंड: भारतात मिळणाऱ्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य बरंच असतं. अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड अन्नात घालायला बंदी घातली ती प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचं दिसल्यामुळे. बाळाची ‘वाचा फुटावी’ म्हणून ते चाटवतात. त्याने उलट्या आणि गुंगी येऊ शकते. बाळाला नको.

जायफळ: खिरीत, पुरणात चिमूटभर ठीक. उगाळून रोज दिलं तर बाळ झोपतं, कारण त्यातल्या मिरिस्टिसिनसारख्या द्रव्यांनी गुंगी येते. पोट बरं झालं म्हणून झोपलं असा आपला समज होतो. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या आया बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देऊन जात. त्यांचा नाइलाज होता. आपला नाही. झोपवणारं द्रव्य पोटाचं औषध म्हणून देऊ नका.

अतिविष: मूळ चांगल्या जातीचं असेल तर वैद्य बालरोगात ते मानाने वापरतात. पण हिमालयातून येणारं हे मूळ महाग, त्यामुळे भेसळीला सोपं, आणि त्याच्या भावकीत बचनागासारखं जहाल विष आहे. बाजारातून पुडी आणून घरी उगाळण्याची ही वस्तू नव्हे.

बाळहिरडा: जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी मंडळी हिरड्याची कोवळी फळं गोळा करून वाळवतात, तोच हा. शी साफ करतो. म्हणूनच जुलाब लागलेल्या बाळाला ‘पोट साफ व्हावं’ म्हणून देणं चूक.

सोन्याचं वळं उगाळतात, त्या सोन्यात इतर धातू मिसळलेले असतात. मध तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत थेंबभरही नको. त्यात असणारे बोटुलिझमचे जंतुबीज मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. तयार मिळणाऱ्या रंगीत घुट्या आणि पुड्यांमध्ये शिसं सापडलेलं आहे. ज्यावर घटक, परवाना आणि मुदत छापलेली नाही असं काही बाळाच्या तोंडाला लावू नका.

माझं मत स्पष्ट आहे: सहा महिन्यांपर्यंत गुटी नाही. त्यानंतर द्यायचीच असेल तर वेखंड, जायफळ, अतिविष वगळून, पदवीधर वैद्यांना बाळ दाखवून, त्यांनी सांगितलेलीच. खारीक-बदाम उगाळून द्यायला तेव्हा हरकत नाही, ते अन्नच आहे. सहाण मात्र दर वेळी उकळत्या पाण्याने धुवा. तिच्या खरवडीत अडकलेला कालचा गाळ हाच पुष्कळदा जुलाबाचं कारण असतो.

आणि ग्राइप वॉटर? ते आपल्या शेपेचंच विलायती भावंड. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ च्या सुमारास शेपेचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि अल्कोहोल घालून ते तयार केलं. आता अल्कोहोल काढलंय, पण पोटशुळाला त्याचा उपयोग होतो असं काही दिसलेलं नाही. सहा महिन्यांच्या आत तेही नको.

सहा महिने ते एक वर्ष: औषध जेवणातून

इथे स्वयंपाकघर खऱ्या अर्थाने कामाला येतं. वेगळा काढा करण्यापेक्षा वरच्या अन्नातच द्रव्यं घाला.

मुगाच्या डाळीचं वरण घट्टसर शिजवा. अर्धा चमचा तुपात चिमूटभर जिरं तडतडवा, हिंगाचा अगदी कण टाका आणि ती फोडणी सगळ्यांच्या वरणात घाला. बाळाच्या वाटीत त्यातला जो अंश येईल तेवढा पुरे; जिऱ्याचे दाणे गाळून घ्या. मऊ भात, वरण, तूप कालवून द्या. नुसतं वरणाचं पाणी देऊ नका, त्याने पोट भरतं आणि पोषण होत नाही. नाचणीचं सत्त्व, भाताची घट्ट पेज, कुस्करलेलं केळं हे सगळं पचायला हलकं. मीठ-साखर वर्षापर्यंत वरून घालायची गरज नसते.

दात येताना जुलाब होणारच, हा समज सोडा. दातांनी जुलाब होत नाहीत. हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, आणि त्यातून होतात. उपाय हात आणि खेळणी धुण्याचा.

एक वर्षानंतर

आता थोडा मोकळा हात. पोट फुगलंय, गुबगुब वाजतंय, पण मूल खेळतंय, अशा वेळी:

अर्धा चमचा बडीशेप किंवा शेपा आणि दोन चिमटी ओवा कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, झाका, कोमट झालं की गाळा. दोन-दोन चमचे दिवसातून दोनदा, फार तर दोन दिवस. ओवा तिखट लागतो, म्हणून तो कमीच. ताज्या दह्याचं पातळ ताक, भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड घालून, जेवणाबरोबर. दोन वर्षांपुढच्या मुलाला चिमूटभर सुंठ, गूळ आणि तूप यांची वाटाण्याएवढी मऊ गोळी जेवणाआधी देता येते. मुरुडशेंगेचा एक-दोन वेढे लेह मुरडा असताना देण्याची रीत आहे. शीमध्ये रक्त-आव नसेल आणि ताप नसेल तरच. कुड्याचं पाळ आणि डाळिंबाची साल मात्र या वयात घरच्या घरी नको. शी थांबल्यासारखी दिसते, पण आतला आजार आणि अंगातून गेलेलं पाणी तसंच राहतं.

बेंबीभोवती वारंवार दुखतं, भूक कमी, गुदद्वाराला खाज, असं असेल तर जंत असू शकतात. वावडिंगाच्या मागे वेळ घालवण्यापेक्षा अंगणवाडीत वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.

जुलाब लागले तर

इथे औषधी पाल्याचा विचार मागे ठेवा. पाणी, मीठ आणि साखर यांच्याइतकं गुणकारी घरचं औषध दुसरं नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर नातेवाइकांच्या हातून हेच पाणी पाजून घेतलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. लहान पाकिटं २०० मिलीची असतात, त्यामुळे छापलेलं वाचूनच पाणी घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश सुरू करा. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते टाकून पुन्हा करा. दुकानातली गोड फळांच्या चवीची खोक्यातली पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांनी जुलाब वाढतात.

बरोबर झिंक: दोन ते सहा महिने वयाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस. आशाताईंकडे दोन्ही मोफत मिळतं. अंगावर पाजणं चालूच ठेवा. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून उपाशी ठेवू नका. पेज, मऊ भात, दही, केळं थोडं थोडं देत राहा.

शी घट्ट होत असेल तर

वरचं अन्न सुरू झालं की बऱ्याच बाळांना हे होतं. आठ-दहा काळे मनुके रात्री धुऊन भिजवा, सकाळी कुस्करून गाळा आणि ते पाणी दोन-तीन चमचे द्या. अख्खा मनुका किंवा द्राक्ष लहान मुलाला देऊ नका, घशात अडकतो. पपई, पिकलेला पेरू बिया काढून, भाजी, तूप, पुरेसं पाणी. वर्षावरचं मूल दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पीत असेल तर आधी दूध कमी करा. बद्धकोष्ठाचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं पाय टेकतील अशा पॉटीवर बसवा.

दर आठवड्याला एरंडेल पाजणं, साबणाची कांडी, एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ शीच्या जागी घालणं, हे सगळं बंद. देठाने आतली कातडी सोलवटते, आणि पुढच्या वेळी दुखेल या भीतीने मूल शी अधिकच दाबून धरतं.

एक प्रथा मात्र उपायांच्या यादीत घालायलाही हात धजावत नाही. मेळघाटात अजूनही पोट फुगलेल्या तान्ह्याला तापल्या विळ्याने चटके देतात. तुमच्या ओळखीत, गावात असं कुणी करत असेल तर अडवा, बाळाला दवाखान्यात न्या आणि आशाताईंना कळवा.

डॉक्टरांकडे जाताना

बाळाला काय, किती आणि कधी दिलं ते कागदावर लिहा. उगाळलेल्या गुटीतली मुळं, घुटीची बाटली किंवा पुडी, शीचा डाग असलेला लंगोट, उलटीचा फोटो, सगळं बरोबर न्या. गुटी दिल्याचं आया हमखास लपवतात, कारण ओरडा बसेल अशी भीती असते. आणि मग बाळ गुंगीत का आहे हे शोधण्यात तपासण्यांमागून तपासण्या होतात. सासूबाईंनी दिली असेल तर त्यांनाच आत घेऊन जा. किती वेढे घेतले, कुठल्या दुकानातून मूळ आणलं, पाणी उकळलेलं होतं का, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.